चिलखताचा नियम लिहायचाय? आधी ओझं लिहा, मग आकडा

टेबलटॉप आरपीजी, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र घेऊन फाशांवर गोष्ट खेळायचे गेम, खेळायला लागून सहा-आठ महिने झाले की प्रत्येक ग्रुपमध्ये कुणीतरी वही काढतं आणि म्हणतं चला आपण आपलाच गेम बनवू, आणि त्या वहीच्या पहिल्या पानावर हमखास काय असतं तर चिलखतांचं टेबल. चामड्याचं १, जाळीचं २, पोलादी पत्र्यांचं ३, ढाल असेल तर अजून १. मीही अगदी हेच लिहिलं होतं. आमचा पाच जणांचा ग्रुप आहे, शनिवारी रात्री गंगापूर रोडला एका मैत्रिणीच्या गच्चीवर बसतो, मी जीएम (गेम मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारी आणि शत्रू चालवणारी) असते आणि बाकी चौघं खेळतात, आणि आमचा गेम एका काल्पनिक गडावर चालतो जो बराचसा नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्यावरून उचललाय. ते चिलखतांचं टेबल वापरून आम्ही चार शनिवार खेळलो आणि चारही शनिवार तेच झालं, पत्र्यांचं चिलखत घातलेला गडी दरवाज्यात उभा राहायचा, शत्रू त्याच्यावर वार करत राहायचे, त्याला काही व्हायचं नाही आणि उरलेले तिघं मोबाइल बघत बसायचे.

तेव्हापासून नवीन लिहिणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगते, की चिलखत अंगात घातल्यावर माणसाचं काय जातं ते आधी लिहा, काय मिळतं ते नंतर. खाली मी ज्या क्रमाने केलं त्याच क्रमाने सांगतेय. तुम्हाला फक्त सहा बाजूंचे साधे फासे लागतील, घरातल्या लुडोच्या डब्यातले चालतील.

सगळ्यात आधी एक प्रश्न सोडवा

चिलखत नक्की करतं काय? वार लागूच देत नाही, की लागतो पण आत जाऊ देत नाही? हे दोन वेगळे नियम आहेत आणि जगातले बहुतेक गेम यातला एक कुठलातरी पकडून चाललेत.

पहिला प्रकार डंजन्स अँड ड्रॅगन्सचा. १९७४ मध्ये तो गेम आला तेव्हा आर्मर क्लास, म्हणजे वार लागणं किती अवघड ते सांगणारा आकडा, उलटा होता, म्हणजे अंगावर काहीच नसेल तर ९ आणि पोलादी चिलखत प्लस ढाल असेल तर २, आकडा जितका लहान तितका माणूस सुरक्षित. नवीन लोकांचा यात फार गोंधळ व्हायचा, आणि २००० सालच्या तिसऱ्या एडिशनमध्ये तो सुलटा करून १० पासून वर चढणारा केला. २०१४ च्या पाचव्या एडिशनमध्ये साध्या माणसाचा १० आणि पूर्ण पोलादी चिलखताचा १८ आहे. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकडा ५ टक्क्यांचा, आणि फाशाचा आकडा अधिक हल्ला करणाऱ्याचं कौशल्य हे आर्मर क्लासइतकं किंवा जास्त झालं की वार लागतो, त्यामुळे कौशल्य +५ असेल तर उघड्या माणसाला वार लागायची शक्यता ८० टक्के आणि चिलखतवाल्याला ४०. म्हणजे बरोबर निम्मी. हे छान आहे कारण एकदाच रोल केला की विषय संपतो, वजाबाकी नाही काही नाही.

दुसरा प्रकार रूनक्वेस्टचा, १९७८ चा. तिथे चिलखताचा लागण्याशी संबंध नाही, वार लागला की डॅमेजमधून, म्हणजे वाराने होणाऱ्या इजेच्या आकड्यातून, चिलखताचा आकडा वजा करायचा, आणि त्यातही डोकं, हात, पाय, छाती सगळ्यांचं चिलखत वेगवेगळं.

आपल्याकडे याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण कुठलं असेल तर १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथा. अफजलखानाने शिवाजी महाराजांवर वार केला, तो वार लागला, अंगरखा फाटला, पण आत चिलखत होतं म्हणून शरीरापर्यंत गेला नाही. शाळेत चौथीत आपण सगळ्यांनी हे वाचलंय. आता हाच प्रसंग डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पद्धतीने टेबलवर सांगायचा तर जीएम म्हणणार "वार चुकला", आणि माझ्या मते तिथेच सगळा जीव निघून जातो. मला टेबलवर चिलखतावर पातं घासल्याचा आवाज हवा होता, म्हणून मी वजाबाकी घेतली. तुमचा गेम वेगळा असेल, चपळाईचा असेल, भराभर मारामारी हवी असेल तर पहिला प्रकार घ्या, त्यात काही चूक नाही. फक्त दोन्ही एकत्र करू नका, निदान पहिल्या वहीत तरी नको, कारण दुहेरी फायदा झाला की तो दरवाज्यातला गडी परत येतो.

आता ओझं

एक काम करा, खरंच करा. घरातला १० किलो तांदूळ सॅकमध्ये भरा आणि एखादा सोपा गड चढा. जाळीचं चिलखत साधारण १० ते १२ किलोचं असायचं आणि अंगभर पोलादी चिलखत १५ ते २५ किलोचं, त्यामुळे हा अंदाज बरा आहे. मी रामशेजवर गेले होते, पेठ रोडने आशेवाडीला उतरायचं आणि तिथून वर, तसा लहान गड आहे, एरवी गप्पा मारत जातो आपण. एप्रिलमधली सकाळ होती. अर्ध्या वाटेतच माझ्या लक्षात आलं की मला चालता येतंय, बोलताही येतंय, पण पायाखाली बघण्यापलीकडे दुसरं काही सुचत नाहीये, झाडीत कुणी दबा धरून बसलं असतं तर मला दिसलं नसतं. खडकात कोरलेल्या पायऱ्यांवर एका ठिकाणी सॅकने मागे ओढलं तेव्हा हात आपोआप भिंतीवर गेला. १६८२ मध्ये मुघल फौजेने याच गडाला वेढा घातला आणि गडाने कित्येक वर्षं दाद दिली नाही, आणि खालून जड चिलखत घालून वर येणाऱ्या शिपायाला काय वाटत असेल ते मला त्या एका झोकांडीत कळलं. घरी येऊन मी टेबलचं पान फाडलं आणि नवीन पानावर फक्त नुकसान लिहिलं.

तीन गोष्टी उरल्या शेवटी.

एक, जागा. किलो मोजू नका, कुणीच मोजत नाही, दुसऱ्या सेशनला सगळे विसरतात. प्रत्येकाला सामानाचे आठ खाने द्या कॅरेक्टर शीटवर (पात्राची माहिती लिहायच्या कागदावर), चौकोन काढून. कापूस भरलेला जाड अंगरखा दोन खाने खातो, जाळीचं चिलखत आणि शिरस्त्राण मिळून चार. म्हणजे चिलखतवाल्याकडे निम्मी जागा उरते, त्यात त्याने दोर घ्यायचा की मशाल की शिदोरी हे त्याचं त्याने ठरवायचं, आणि खरी मजा ह्याच वादात आहे, आमच्याकडे एकदा एका दोरावरून पंधरा मिनिटं चर्चा झाली आणि ती त्या रात्रीची सगळ्यात चांगली पंधरा मिनिटं होती.

दोन, अवघड कामं. लपून जाणं, चढणं, पोहणं. आमच्याकडे कुठलंही काम दोन फासे टाकून बेरीज ७ किंवा जास्त आली की जमतं, ही शक्यता ५८ टक्के आहे. जड चिलखत असेल तर बेरजेतून २ वजा, म्हणजे खरं तर ९ लागतात, आणि ती शक्यता २८ टक्के. दोनच आकडे वजा केले पण शक्यता निम्म्याखाली आली. दोन फाशांची बेरीज अशीच वागते, मधले आकडे खूप येतात आणि टोकाचे कमी, त्यामुळे ४ वजा करायचा मोह झाला तर थांबा, ११ ची शक्यता फक्त ८ टक्के उरते आणि मग खेळाडू प्रयत्नच करत नाही.

तीन, वेळ. जड चिलखत झटकन चढत नाही, माझ्या नियमात दहा मिनिटं आणि सोबत एक माणूस. हे वाचायला किरकोळ वाटतं पण पहाटेचा छापा पडला की बघा काय होतं. सगळे झोपेतून उठतात, बाहेर आरडाओरडा, आणि चिलखतवाल्याला ठरवायचंय की मित्राला थांबवून बंद बांधायचे की तसंच उघड्या अंगाने पळायचं. गनिमी काव्याच्या गेममध्ये तर हा नियम सोन्यासारखा आहे.

महाभारतातला कर्ण आठवा. कवच जन्मापासून अंगाला चिकटलेलं, तोवर ते फक्त एक वर्णन असतं, आणि इंद्र ब्राह्मणाच्या वेशात येऊन मागतो आणि कर्ण ते सोलून देतो तेव्हा आपल्या अंगावर काटा येतो. चिलखत काढावं लागणं, सोडावं लागणं, त्याच्यामुळे काहीतरी न जमणं, गोष्ट तिथे घडते. तुमच्या नियमात अशा जागा हव्यात.

मग आकडा, आणि तोही लहानच

आता फायदा. मी फक्त दोन पायऱ्या ठेवल्या, जाड अंगरख्याला १ कपात आणि चिलखताला २, म्हणजे लागलेल्या वाराच्या डॅमेजमधून एवढं वजा. इथे थोडं गणित करावंच लागतं, कंटाळू नका, वहीच्या एका पानात होतं.

तलवारीचं डॅमेज एक फासा धरा, सरासरी ३.५. माणसाला १० एचपी (हिट पॉइंट्स, म्हणजे पडण्याआधी किती डॅमेज सोसतो तो आकडा), म्हणजे सरासरीने तीनेक वारात तो पडतो. कपात १ केली की सरासरी २.५, चार वार. कपात २ केली की १.६७, सहा वार. कपात ३ केली की सरासरी सरळ १, म्हणजे दहा वार, आणि वर अर्धे वार शून्यच, कारण १, २, ३ आलं की काहीच झालं नाही. आता वार लागायलाच ७ हवेत म्हणजे ५८ टक्के, आणि ढाल असेल तर ८ हवेत म्हणजे ४२ टक्के, तर पत्र्यांचं चिलखत प्लस ढालवाला गडी एका शत्रूसमोर किती टिकणार? चोवीस राऊंड, म्हणजे शत्रूचे एकेक वाराचे चोवीस फेरे. आमचे चार शनिवार ह्या चोवीस राऊंडमध्ये गेले, आणि मी हे गणित खेळायच्या आधी केलं असतं तर दहा मिनिटांत दिसलं असतं. म्हणून सहा बाजूंच्या फाशावर कपात कधीही २ च्या वर नेऊ नका. मोठे आकडे हवे असतील तर आधी फासा मोठा करा.

अजून एक छोटी ओळ टाका, तिच्याशिवाय वजाबाकीचा नियम चालतच नाही: वार लागला तर निदान १ तरी जातो. "लागला, पण शून्य" हे वाक्य टेबलवर तीनदा ऐकलं की माणसं मलूल होतात. ही ओळ टाकल्यावर कपात २ ला तलवारीची सरासरी २ होते, पाच वारात माणूस पडतो. उघडा माणूस तीन, अंगरखा जवळपास चार, चिलखत पाच. फरक जाणवतो, आणि लढाई लटकतही नाही.

हत्यारांचं मी लांबवत नाही. लहान हत्यार असेल तर दोन फासे टाकून लहान आकडा घ्या, मधलं असेल तर एक फासा, दोन्ही हातांचं असेल तर दोन टाकून मोठा घ्या. सरासरी अडीच, साडेतीन आणि साडेचारच्या आसपास येते, लक्षात ठेवायला सोपं.

पण कट्यारीला एक वेगळी ओळ द्यायलाच हवी. खऱ्या कट्यारींमध्ये कितीतरींची टोकं मुद्दाम जाड केलेली असतात, जाळीच्या कड्या फोडून आत घुसावीत म्हणून. आणि आपल्याकडे कुस्ती आहे. तर नियम असा, की समोरच्याला कुणी धरून ठेवलंय, मग त्याच्यावर कट्यार चालवली तर कपात धरायची नाही. एवढ्याने काय होतं बघा, ज्या तिघांना काही काम नव्हतं त्यांना अचानक काम मिळतं, एक जण पाय धरतो, दुसरा हात, तिसरा कट्यार काढतो, आणि चिलखतवाला शत्रू हे आकड्यांचं डबडं न राहता कसं पाडायचं असा प्रश्न होतो.

ढालीबद्दल जरा जास्त बोलते

ढाल मला चिलखतापेक्षा आवडते कारण ती हातात असते, माणूस तिचं काहीतरी करू शकतो. माझ्या नियमात ढाल असली की शत्रूला ७ ऐवजी ८ लागतात, हे तर झालंच, शिवाय एकदा, फक्त एकदा, खेळाडू म्हणू शकतो की ढाल फुटली, आणि तो वार पूर्ण रद्द होतो. कितीही मोठा असो. पण ढाल गेली.

आमच्याकडे एक मुलगी अगदी नवीन आली होती, पहिलंच सेशन, नियम काही माहीत नाहीत, घाबरून कमी बोलत होती. गडाच्या पायऱ्यांवर मागे हटताना तिच्या पुढच्या गड्यावर शेवटचा वार येत होता, तिने हळूच विचारलं की मी माझी ढाल त्याच्यासमोर धरून फोडू शकते का. नियमात दुसऱ्यासाठी असं लिहिलेलं नव्हतं. मी हो म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी नियमात लिहिलं, शेजारी उभ्या असलेल्यासाठीही चालेल. त्यानंतर ती एकही शनिवार चुकलेली नाही.

काय टाळायचं

प्रत्येक अवयवाला वेगळं चिलखत द्यायची इच्छा होईल, सगळ्यांना होते. नका करू आत्ता. प्रत्येक वाराला अजून एक रोल वाढतो आणि पाच जणांच्या टेबलवर ते फार जड जातं. त्याऐवजी खास शत्रूला एखादी कच्ची जागा द्या. दुर्योधनाची मांडी आपल्या घराघरात माहीत आहे, गांधारीच्या नजरेने सगळं अंग वज्राचं झालं पण मांडी राहिली, आणि भीमाला ते कळल्याशिवाय गदायुद्ध संपत नाही. तसंच खेळाडूंनी आधी माहिती काढायची, हेर पाठवायचा, कुणाच्या तरी नोकराला फोडायचं, आणि मग त्या जागेवर वार केला तर कपात नाही. एका शत्रूपुरतं केलं की भारी वाटतं.

चिलखताची झीज मोजायचा मोहही आवरा, रोज एक पॉइंट कमी वगैरे. मी फक्त एवढंच ठेवलंय की वार करणाऱ्याला दोन्ही फाशांवर सहा आले तर समोरच्याचं चिलखत एका पायरीने उतरतं, दुरुस्त होईपर्यंत. छत्तीसात एकदा येतं, त्यामुळे आलं की सगळे ओरडतात. दुरुस्तीला मात्र गावात जावं लागतं. मी लहानपणापासून भांडी बाजारातून जाताना तांब्याच्या पातेल्यावर हातोडी पडल्याचा आवाज ऐकलाय, तोच आवाज मी तिथे वापरते, खेळाडू डोळे मिटून ऐकतात.

किमतीचं काय? पैशांचं टेबल करायच्या आधी विचार करा की चिलखत कुणाचं आहे. मराठा फौजेत शिलेदाराचं घोडं आणि हत्यार त्याचं स्वतःचं असायचं, बारगिराला ते सरकारातून मिळायचं. मी हा फरक थेट नियमात घेतला, बारगीर खेळाडूला चिलखत फुकट मिळतं पण हरवलं तर जाब द्यावा लागतो, शिलेदाराचं गेलं तर गेलं, त्याच्या घरचं गेलं. पैसे न मोजता दोघांना जपायचं कारण मिळालं.

आणि लपवता येणं. जाळीचं चिलखत अंगरख्याच्या आत घालता येतं, प्रतापगडाला तेच झालं, तर तेही एका ओळीत लिहा, की कपड्याआड चिलखत असेल तर पहिला वार लागेपर्यंत समोरच्याला कळत नाही. भेटीच्या, तहाच्या, लग्नाच्या प्रसंगांना ह्या ओळीमुळे एकदम ताण येतो, सगळे एकमेकांच्या अंगरख्याकडे बघायला लागतात.

आता तपासायचं कसं

एकट्याने बसा, चहा घ्या, फासे घ्या. गोष्ट नको, नावं नको, फक्त उघडा माणूस विरुद्ध चिलखतवाला, दोघांकडे तलवार, दहा लढती. प्रत्येक लढत किती राऊंड चालली ते लिहा. मग ढाल देऊन दहा. मग दोघं उघडे विरुद्ध एक चिलखतवाला, दहा, आणि ही तिसरी तपासणी सगळ्यात महत्त्वाची, कारण चिलखतवाला एकटा दोघांना सहज भारी पडत असेल तर टेबलवर सगळ्यांना चिलखतच हवं होणार आणि निवड संपली. माझ्या चिलखतवाल्याने दोघांपुढे सुरुवातीला बऱ्याच लढती जिंकल्या होत्या, मग धरून ठेवण्याचा नियम आला आणि पारडं बदललं. एक तास लागतो सगळ्याला, फार तर दीड.

त्यानंतर नियम पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहा. मावत नसेल तर नियम मोठा झालाय, छाटा. माझं कार्ड हे असं:

अंगरखा: कपात १, दोन खाने.
चिलखत: कपात २, चार खाने. लपणं, चढणं, पोहणं यात २ वजा. चढवायला दहा मिनिटं आणि सोबतीला माणूस. कपड्याआड लपतं.
ढाल: एक खाना, एक हात. शत्रूला ८ लागतात. एकदा फोडून स्वतःवरचा किंवा शेजाऱ्यावरचा एक वार रद्द.
लागलेला वार निदान १.
धरलेल्या माणसावर कट्यारीला कपात नाही.
दोन्ही सहा: चिलखत एक पायरी खाली.

हे कार्ड प्रत्येकाच्या समोर एक ठेवा, एकच सगळ्यांत फिरवू नका, आणि पहिल्या सेशनला कुणी कुठली ओळ पुन्हा पुन्हा विचारतंय ते बघत राहा, तीच ओळ नीट लिहिलेली नाहीये. आमच्याकडे "चढणं म्हणजे घोड्यावर चढणं पण का" हा प्रश्न दोनदा आला, आता तिथे "कडा, भिंत, झाड" असं लिहिलंय. कार्डाची मागची बाजू कोरी ठेवा, बदल तिथे लिहायचे, आणि पेन्सिलनेच लिहा, पहिले तीन-चार शनिवार खोडावं लागतं.